उद्घाटनासाठी थांबलेली गाणी

गंगाक्का आज पहाटे गेली. तिचं एकही गाणं आमच्याकडे नाही.

एकही.

निपाणीच्या आसपासच्या गावांत वाचनालयांना ट्रेनिंग द्यायचं माझं काम. गावातली गाणी, गोष्टी मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या आणि इंटरनेटवर खुल्या ठिकाणी ठेवायच्या. कुणीही फुकट ऐकावीत.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. शिकवलं की काम होतं, असं मला खरंच वाटायचं.

तर गंगाक्काच्या गावात ट्रेनिंग झालं. अकाउंट उघडलं. माईकसुद्धा आला.

पहिलं नाव तिचंच ठरलं. सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं. पानं निवडताना बायका म्हणायच्या ती गाणी, एक ओळ मराठी, एक कन्नड. पूर्ण पाठ असलेली आता ती एकटीच होती.

मग वाचनालयाची कमिटी म्हणाली, आधी उद्घाटन.

पाहुण्यांना वेळ मिळेना. मग बॅनर. वर मराठी की वर कन्नड? त्यावर मीटिंग, भांडण, परत मीटिंग.

मी अध्यक्षांना म्हटलं, "अण्णा, तोवर नुसतं रेकॉर्डिंग करू या की."

"असं कसं मॅडम? आधीच सुरू केलं तर पाव्हण्यांनी येऊन उद्घाटन कशाचं करायचं?"

गंगाक्का वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसायची.

"काय गं, आला का तुमचा पाव्हणा?"

"न्हाय आक्का. पुढच्या आठवड्यात म्हणत्यात."

"माझं लगीन हाय व्हय, मुहूर्त बघायला? आण ते डबडं हिकडं. गाते."

"मला न्हाय करता येत. वाचनालयानं स्वतः करायचं, असा नियम हाय."

"मग तुला कशाला ठेवलीया गं?"

आणि लई हसायची.

आज दुपारी अध्यक्षांचा फोन. "मॅडम, संध्याकाळी शोकसभा ठेवलीय. आक्काच्या गाण्यांवर दोन शब्द बोला."

"कुठली गाणी अण्णा? एखादं लावा की."

मी फोन ठेवला.

मी सभेला जाणार नाही.

वखारीत तिच्या शेजारी बसणारी शांताबाई आहे. "तिला निम्मीच येत्यात, निम्मी खाऊन टाकती," असं गंगाक्का चिडवायची.

उद्या तिच्याकडे बसायला जाईन. तिचं रडून झालं, तिची इच्छा असली, तर माझ्याच मोबाईलवर रेकॉर्ड करीन. कमिटीला विचारणार नाही. ऑफिसलाही नाही. नोकरीवरून काढलं तर काढू देत.

जा गं आक्का.

निम्मी तर निम्मी. तुझ्या नावानं ठेवते.