तिसऱ्या शिफ्टच्या बदल्यात

“कपातीचा एकूण आकडा बदलणार नाही. तो सोडून काहीही बोला,” खालिदसाहेब म्हणाले आणि त्यांनी खजुराची बशी आमच्याकडे सरकवली.

खालिदसाहेब बँकांचे प्रतिनिधी. समोर आम्ही दोघं: किडनीचे डॉक्टर कॉनर, मूळचे आयर्लंडचे, आणि मी, डायलिसिस युनिटची इनचार्ज सिस्टर. जेद्दातलं आमचं खासगी हॉस्पिटल कर्जात बुडालं होतं. तीन बँका नवं कर्ज देऊन ते वाचवणार होत्या. याला बेलआउट म्हणतात. बेलआउटबरोबर अटी येतात, आणि अटी म्हणजे कपात. मॅनेजमेंटने मान डोलावून यादी केली होती. त्यात डायलिसिसची तिसरी शिफ्ट बंद होणार होती.

तिसऱ्या शिफ्टला संध्याकाळी कामावरून सुटलेले पेशंट येतात. ड्रायव्हर, शराफिया बाजारातल्या दुकानांतले सेल्समन. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर. त्यांना सकाळी बोलावलं तर नोकरी जाईल. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना गेला, आणि त्याबरोबर इन्शुरन्स. मग कसलं डायलिसिस?

मॅनेजमेंटकडे आम्ही तीन अर्ज दिले. उत्तर नाही. तेव्हा सावंत म्हणाले, “ताई, ह्यांच्याकडे डोकं फोडून काय उपयोग? पैसे देणाऱ्यांनाच गाठा ना.”

सावंत आमचे आरओ प्लांटचे टेक्निशियन, कुडाळचे. डायलिसिसला एका पेशंटमागे शंभर लिटरच्या वर शुद्ध पाणी लागतं. ते हा प्लांट तयार करतो. पाण्यात क्लोरीन राहिलं तर पेशंटचं रक्त बिघडतं, म्हणून प्रत्येक शिफ्टआधी तपासणी. बावीस वर्षं ती सावंतांनी केली. अर्जावर पहिली सही त्यांचीच होती.

बँकेत जाताना गाडीत डॉक्टर कॉनरनी मला त्यांच्या देशाची गोष्ट सांगितली. आयर्लंडलाही असंच बेलआउट घ्यावं लागलं होतं. तेव्हा ते तिथे ज्युनियर डॉक्टर होते.

“कर्ज देणारे विरोधी पक्षालाही भेटले,” ते म्हणाले. “विरोधक लोकांना सांगत होते, आम्ही अटी बदलून घेऊ. देणाऱ्यांना एवढंच हवं होतं की उद्या हे सत्तेवर आले तरी करार पाळतील ना.”

“मग?”

“सरकार पडलं. विरोधक आले. एकूण आकडा जवळपास तोच राहिला. माझा वॉर्ड बंद झाला आणि मी इकडे आलो.”

“मग आपण कशाला चाललोय?” मी चिडून विचारलं.

“कशावर काट मारायची, ते तरी आपल्या हातात येतं, सिस्टर.”

मला ते पटलं. आजही राग येतो तो त्याचाच.

खालिदसाहेब भला माणूस. आमचं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पेशंटबद्दल नीट प्रश्न विचारले. मग कोरा कागद पुढे केला.

“तिसरी शिफ्ट ठेवा. तेवढीच बचत दुसरीकडून द्या. नावं नकोत, फक्त पोस्ट. दुपारच्या नमाजानंतर मला फायनल पाठवायचंय.”

हातात जेमतेम एक तास होता. डॉक्टर कॉनर माझ्याकडे बघायला लागले, कारण युनिटचा कोपरान् कोपरा मला पाठ. ओव्हरटाइम काढला. एक स्टोअरकीपर काढला. नर्सला हात लावता येईना, नर्स गेल्या की शिफ्ट गेलीच. अजून थोडं कमी पडत होतं. तेव्हा मी लिहिलं: आरओ प्लांटची देखभाल बाहेरच्या कंपनीला.

लिहिताना मी मनाची समजूत घातली. कंपनीला प्लांटचा माहीतगार लागेलच. ती सावंतांना घेईल, इकामा आपल्या नावावर करून घेईल. इथे असं नेहमी होतं. पण हे मी कुणालाही विचारलं नाही. फोन पर्समध्येच होता.

“आता खाली सही,” खालिदसाहेब म्हणाले. “म्हणजे यापुढे तुमचा गट या योजनेविरुद्ध बोलणार नाही.”

दोघांनी सही केली. दारापर्यंत सोडायला आलेले खालिदसाहेब म्हणाले, “तुमच्या मॅनेजमेंटपेक्षा तुमच्याशी बोलणं सोपं गेलं.” मला तेव्हा बरं वाटलं.

कंपनीने सावंतांना घेतलं नाही. वय सत्तावन्न, पगार जास्त. कंपनीने निम्म्या पगारात एक तरुण आणला. सावंतांसाठी मी मॅनेजमेंटकडे गेले, तर मॅनेजरने माझीच सही पुढे ठेवली. “सिस्टर, ही तर तुमची लिस्ट. खलास.” सावंतांची मुलगी इंडियन स्कूलमध्ये बारावीला होती. बोर्डाच्या परीक्षेला चार महिने असताना फायनल एक्झिटचा शिक्का बसला. म्हणजे सगळं कुटुंब कायमचं परत.

मी प्लांट रूममध्ये गेले तेव्हा ते नव्या माणसाला हिंदीत क्लोरीनची तपासणी शिकवत होते. त्याला बाहेर पाठवून मी सांगितलं, “सावंत, ती ओळ मी लिहिली.”

त्यांनी मीटरवरचा आकडा वहीत लिहिला.

“शिफ्ट राहिली ना?”

“राहिली.”

“एक फोन करायचात, ताई. मी नको म्हटलं नसतं. पण विचारायचं तरी.”

मी रडले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि नव्या माणसाला आत बोलावलं.

तिसरी शिफ्ट चालू आहे. एकाही पेशंटचं डायलिसिस बंद पडलं नाही. त्यांतल्या कुणालाच सावंत माहीत नाहीत.

पैसे देणारा चर्चेला बोलावतो तेव्हा आपल्याला मान मिळाल्यासारखं वाटतं. आधी विचारावं, आकडा बदलणार आहे का. नसेल, तर तिथे चर्चा नसते. त्यांना यादी हवी असते, आणि ती आपल्या अक्षरात हवी असते.