दाजींचा हलका पाय

आमच्या दाजींइतकी सावकाश गाडी चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सायकलवाले त्यांना मागे टाकून जायचे, वर वळून बघायचे. शेजारी बसून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, दाजी मात्र ढिम्म. जन्मभर ते काचेच्या कारखान्यात ड्रायव्हर होते. पुरुषभर उंचीच्या काचा गाडीत उभ्या बांधायच्या आणि दुकानोदुकानी पोचवायच्या, हे त्यांचं काम. आपल्या हातून एकही काच तडकली नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. बाकी कशाचाच नव्हता.

पुढे ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, जिन्यावरून पडली. पाठीचा कणा गेला आणि ती कायमची आडवी झाली. दाजींनी कारखान्याची मोडीत काढलेली डिझेल व्हॅन घरी आणली, काचांच्या चौकटी उपटून टाकल्या आणि आत एक खाट पक्की बसवली. खाटेवरून नीट दिसेल अशी मोठी खिडकीही कापून घेतली. रोज संध्याकाळी दोघं फिरायला निघायची. बाजार, पूल, शेवटी तळं. परत आली की ताई आम्हालाच गावाच्या बातम्या सांगायची. कुठल्या दुकानाची पाटी बदलली, कोणाच्या गॅलरीत नवा पाळणा आला, सगळं. दवाखान्यात न्यायला अॅम्ब्युलन्स येते. तळ्यावर न्यायला कोण येतं?

मग जुन्या डिझेल गाड्यांसाठी धूर तपासणीचा नियम आला. तिसऱ्यांदा नापास झाली की नंबर रद्द आणि गाडी भंगारात.

पहिल्या वेळी तपासनीसाने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली आणि अॅक्सिलरेटर एका दमात तळापर्यंत दाबायला सांगितलं. दाजींनी दाबला, पण कसा, तर हळूहळू, आत कोणी झोपलंय असं समजून. यंत्राने ते मोजायलाच नकार दिला. तपासनीस वैतागला, स्वतः येऊन बसला आणि पाय आपटला. मागे काळाकुट्ट लोट उठला. रांगेतले लोक नाक धरून हसले. मला त्या तपासनीसाचा गळा धरावासा वाटला. दुसऱ्या वेळीही तेच झालं.

मेकॅनिकने इंजिन तपासलं आणि हात पुसत म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे. पण याला कधी पळवलंच नाही तुम्ही. इतक्या वर्षांची काजळी आत साठलीय. मोकळ्या रस्त्यावर चांगली दामटा, बरीचशी निघून जाईल."

ताईच्या पाठीला धक्का बसू नये म्हणून जे जिवापाड जपलं, तेच गाडीच्या मुळावर आलं होतं. एवढं त्यांना तिथेच कळलं, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना.

तिसऱ्या तपासणीच्या सकाळी ताईला घरी ठेवून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. मी चालवतो म्हणालो तर ऐकेनात. "दाबा दाजी, दाबा," माझा घोषा चालू. त्यांनी दाबला, खरंच दाबला. व्हॅन थरथरत पळायला लागली, मागचा रस्ता धुरात दिसेनासा झाला, आणि मग तो धूर विरळ व्हायला लागला. मी आनंदाने त्यांच्या मांडीवर थाप मारली. तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं आणि मागची खाट धाडकन वाजली.

दाजींनी गाडी कडेला घेतली. मागे वळून त्या रिकाम्या खाटेला विचारलं, "लागलं का गं?"

त्यानंतर त्यांचा पाय काही केल्या खाली जाईना. जरा वेग आला की आपोआप वर यायचा. मी विनवण्या केल्या, शेवटी ओरडलो. ते फक्त मान हलवत राहिले. वेळ होत आली तसे आम्ही त्याच चालीने तपासणी केंद्रावर गेलो.

आकडा थोडा उतरला होता, पण पुरेसा नाही. तपासनीसाने नंबरप्लेट काढून घेतली. व्हॅन तिथेच ठेवून आम्ही चालत घरी आलो. वाटेत दाजींनी एकदाच विचारलं, तिला काय सांगायचं?

ताई वेणी घालून, ठेवणीतली साडी नेसून तयार होती. संध्याकाळी तळ्यावर जायचं ठरलं होतं. आमच्याकडे बघून तिला सगळं कळलं. दाजी खाटेशी खाली बसले आणि मेकॅनिक काय म्हणाला ते सांगितलं. माझ्या पायानेच घात केला, म्हणाले.

ताईने मान त्यांच्याकडे वळवली.

"मला धक्क्यांचं काही वाटत नव्हतं हो," ती म्हणाली. "कमरेखाली मला काही कळतच नाही, आणि वर कळतं त्याची सवय झाली होती. उलट कधी तरी जोरात जावं असं फार वाटायचं. पण तुम्ही इतकं जपत होता, म्हणून बोलले नाही."

दाजींनी तिचा हात हातात घेतला होता, तो तसाच राहिला. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.