पंजात रुतलेलं नख

डेटॉलचा वास आला की शुक्रवार पेठेतला जनावरांचा दवाखाना आठवतो. आमची चौदा वर्षांची मांजर त्या सकाळी अचानक लंगडू लागली. हाड मोडलं असेल, या वयात जुळेल का, या धास्तीनं मी तिला चादरीत गुंडाळून नेलं. सोबत तिच्या खाण्याच्या आणि औषधांच्या वेळांची यादी होती. डॉक्टरांनी पंजा हलकेच दाबला. वाढलेलं नख वळून तळव्यात रुतलं होतं. ते कापताना डॉक्टर म्हणाले, "ताई, सगळं लिहून आणलंय की! हिला मांडीवर शेवटचं कधी घेतलं, ते कुठं लिहिलंय?" मला आठवेना. तिनं मात्र घर येईपर्यंत माझ्या तळहातावर डोकं टेकून ठेवलं. आता ती नाही. पण कुणाचंही मांजर पायात घोटाळलं की हातातलं काम ठेवून मी आधी त्याला मांडीवर घेते.