बाराव्या खोक्यावरचं अक्षर

मंदी आली तेव्हा मी आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या एका चिनी क्रोकरी कंपनीत स्टोअरकीपर होतो. माल यायचा थांबला, माणसं कमी झाली, बायकोला आणि मुलीला मी पुण्याला धाडलं. अजमानच्या खोलीवर परतलो की घर खायला उठायचं. गोदामात आम्ही दोघंच उरलो, मी आणि आमचा चिनी मॅनेजर.

त्याला सुलेखनाचं वेड होतं. रोज दुपारी रद्दीवर ब्रशने एकच पत्र उतरवायचा, शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणा उस्तादाचं. चालत्या हाताची लिपी, एका अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरात गेलेलं. दर महिन्याला एक कागद त्याच्या गावच्या गुरुजींना पोस्टाने जाई आणि लाल वर्तुळं घेऊन परत येई.

"इतक्या चुका?" मी एकदा म्हणालो. आमच्या शाळेत चुकांनाच लाल गोल पडायचे, आणि गोदामात नाकारलेल्या खोक्यांना. तो पोट धरून हसला. त्यांच्याकडे म्हणे चांगल्या अक्षराला वर्तुळ मिळतं.

मग गंभीर झाला. "बारा वर्षं वर्तुळं मिळतायत, भाई. पण ती सगळी उस्तादाच्या वळणाला. गुरुजी खाली दरवेळी एकच लिहितात, यात तू कुठे आहेस?"

त्या उन्हाळ्यात त्याचा कागद न उघडताच परत आला. गुरुजी गेले होते. त्याने ब्रश ठेवून दिला. मला त्याचा रागच आला. निदान त्याच्याकडे सोडून द्यायला काहीतरी होतं.

पुढे कंपनी बंद करायचं ठरलं. उरलेला माल चीनला परत जाणार होता. खोक्यांवर चिनीत 'काच' लिहायला त्याने काळा ऑइलपेंट घेतला. घाईघाईत, कानाशी फोन, बायकोशी भांडण चालू. बाराव्या खोक्यापाशी हात थांबला. फोन खाली आला.

"हे उस्तादाचं नाही," तो हळूच म्हणाला.

मला चिनीतलं ओ की ठो कळत नाही. पण ते अक्षर किंचित डावीकडे कललेलं होतं, तो दारात उभा राहायचा अगदी तसं. मी खिशातला लाल मार्कर काढला आणि त्याभोवती वर्तुळ ओढलं. त्याचे डोळे भरून आले. माझेही.

दोन दिवसांनी तो मायदेशी गेला. मग ट्रक आला.

"भाई, इस पे लाल गोला है. रिजेक्ट है ना?" आमचा माल नेहमी नेणाऱ्या ट्रकवाल्यांच्या सुपरवायझरने विचारलं. "ये नहीं जाएगा."

मी खूप समजावलं. पण नियम माझाच होता, सगळ्यांना मीच पाठ करून दिलेला. शेवटी थिनर आणला, फडका घेतला. वर्तुळ पुसता पुसता अक्षरही गेलं. त्या जागी मी मार्करने इंग्रजीत 'ग्लास' लिहिलं.

आठवड्याने त्याचा मेसेज आला, बारावं खोकं गेलं का?

मी लिहिलं, गेलं.