एकास दहाचा मुकादम

गवंडीबाबांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत सदतीस पुतळे आहेत आणि सगळे रागाने केलेले आहेत. लोक त्याला कला म्हणतात. म्हणोत बापडे.

चौदा वर्षांपूर्वी बाबांनी बांधलेली गोदामाची नवी भिंत कोसळली आणि त्यांच्या धाकट्या भावाचा पाय गेला. मुकादमाने हात झटकले. गवंडीच कच्च्या हाताचा, म्हणाला, आणि सोबतच्या कामगारांनी माना डोलावल्या. खरं तर एका पाटी सिमेंटला सहा पाट्या वाळू घालायची, तिथे मुकादम दहा घालायला लावायचा. काम जाईल या भीतीने बाबा तेव्हा गप्प बसले. काम गेलंच, वर नावही गेलं.

मग त्यांनी सळ्या वाकवल्या, जाळी गुंडाळली, थापी चालवली. शिकवायला कोण होतं? डोलावणारा एकेक जण त्यांनी खाली मान घालून उभा केला, ओळखू येईल असा. त्यांचा माल चोख. इतक्या पावसाळ्यांत एकाचा कानसुद्धा हलला नाही. फाटकाजवळचा मुकादम मात्र त्यांनी मुद्दाम एकास दहाने केला. आधी नाक गेलं, मग बोटं. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन आज काय पडलं ते बघायला जायचे. त्यांना चहा गोड लागायचा.

भाऊ म्हणायचा, पुरे आता, पाडून टाक. बाबा ऐकतील तर शपथ.

एका रविवारी, पुतळे बघायला आलेल्यांच्या भर गर्दीत, खुद्द मुकादम आला. नातवंडं हसतात, म्हणून पुतळा दुरुस्त करून मागायला. त्याने पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर मूठभर वाळू हातात आली. जन्मभराची सवय, तो सगळ्यांसमोर खेकसला.

"हा काय माल आहे? एकास दहा घातलंस की काय? असल्या मालाने काही उभं राहतं का?"

"नाही राहत," बाबा म्हणाले. "भिंत तरी कुठे राहिली?"

भाऊ कुबडी टेकून उभा होता. मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं आणि वाळू मुठीत तशीच धरून तो निघून गेला.

आता तरी राग जाईल असं बाबांना वाटलं होतं. गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा मुकादम करायला घेतला, मुठीत वाळू धरलेला. या वेळी माल एकास तीन. हा शंभर वर्षं पडायचा नाही.