उजवा पंख, उलट हाताचा

आमच्या लष्करी कारखान्यातल्या प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, एक छोटी चौकट असे. तिच्यात चार रकाने: काढले, ट्रेस केले, तपासले, मंजूर. माझी सही सात वर्षं दुसऱ्या रकान्यात पडत होती. पुरुष पेन्सिलीने काढायचे. आम्ही तिघी बायका त्यावर खळ दिलेलं पारदर्शक कापड ताणून तेच शाईने गिरवायचो. काढणाऱ्याने रेघ चुकवली असली, तरी ती तशीच गिरवायची असा नियम होता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, भूमितीत वर्गात पहिली येणारी. तो नियम मला कधी पचला नाही.

पासष्टची लढाई होऊन गेली होती, एकाहत्तरची अजून व्हायची होती. आमच्या कामगार कल्याण अधिकाऱ्यांच्या मनात आलं की गावातल्या शाळांना लाकडी विमानाचे संच द्यावेत. पॅकिंगच्या पेट्यांचं उरलेलं मऊ लाकूड आकारात कापून द्यायचं, सोबत सँडपेपर आणि एक ड्रॉइंग. मुलांनी घासून, चिकटवून विमान करायचं. हे काम हेड ड्राफ्ट्समन साहेबांकडे आलं. त्यांना खेळणं काढणं कमीपणाचं वाटलं असावं.

"बाई, तुम्हाला घरी दोन लहान मुलं आहेत," ते म्हणाले. "हे तुम्हीच बघा."

मी बघितलं. एका कॉलेजच्या मैदानात, कॅडेटांना दाखवायला म्हणून, एक जुनं हार्वर्ड विमान उभं होतं. शिकाऊ वैमानिकांचं विमान ते. एकामागे एक दोन खुर्च्या, वर लांबट काचेचं छप्पर, पिवळा रंग उन्हाने विटून पिठल्यासारखा झालेला. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. लढाऊ विमानांची चित्रं मुलांनी भिंतीवर चिकटवली होतीच. मला वाटलं, ज्यात बसून माणूस पहिल्यांदा चुका करतो ते विमान त्यांना द्यावं.

सलग तीन रविवार आम्ही रांझीतल्या आमच्या घरून सायकलींवर तिथे गेलो. मी मोजायची आणि तुमचे आजोबा टेपचं दुसरं टोक धरायचे. ते रेल्वेत होते. विमानाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

"काहून एवढं मोजून राहिली?" ते वैतागले. "पुस्तकात नसन का हे सगळं?"

"पुस्तकात आहे. पण पुस्तकवाल्याने टेप लावली होती की नाही, मला काय माहीत?"

"अच्छा. म्हणजे माझा रविवार गेला."

नाकासमोर गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून बघितलं तेव्हा कळलं, पंख पोटाशी सपाट निघतो आणि पुढे गेल्यावर वर उचलला जातो. पुस्तकातल्या चित्रात हे दिसतच नव्हतं. एका फुटाला पाव इंच असं माप धरलं. बेचाळीस फुटांचा पंखविस्तार साडेदहा इंचांत आला. पण सगळं मापात आणून चालत नाही. पंखाची मागची कड मापाप्रमाणे काढली असती तर कागदाएवढी पातळ झाली असती आणि पोरांच्या बोटांत तुटली असती. ती मी मुद्दाम जाड ठेवली. काचेचं छप्पर एका लाकडी ठोकळ्याचं केलं, वरून रंगवायला. काय सोडायचं हे ठरवण्यातच माझे दोन महिने गेले. ऑफिसचं ट्रेसिंग संपलं की चार ते पाच मी त्याला बसायची.

ड्रॉइंग पूर्ण झालं, मीच ते कापडावर शाईने गिरवलं. मी पहिल्या रकान्यात सही करायला पेन टेकवणार, तेवढ्यात साहेबांनी कापड ओढून घेतलं.

"ट्रेसरची सही ट्रेसच्या रकान्यात, बाई."

"ट्रेस करायला आधी कुणीतरी काढावं लागतं ना साहेब? कुणी काढलं?"

"विभागाने काढलं." आणि त्यांनी पहिल्या रकान्यात आपली सही ठोकली.

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हसलं. त्या दिवशी मी घरी जाऊन कणीक इतकी मळली की पोळ्या रबरासारख्या झाल्या. आजोबांनी त्या वरणात बुडवून खाल्ल्या.

मला ती सही हवी होती. पगार वाढणार नव्हता, पदही मिळणार नव्हतं. हे विमान मी काढलं, एवढंच त्या कापडावर खरं लिहिलेलं हवं होतं.

संच शाळांत गेले. महिन्याभराने नेपियर टाउनमधल्या एका शाळेच्या विज्ञानाच्या बाई चपलेच्या खोक्यात आठ विमानं घेऊन कल्याण अधिकाऱ्यांच्या खोलीत आल्या. मला आणि साहेबांना बोलावणं आलं. टेबलावर विमानं ओळीने मांडलेली होती. आठांपैकी सहांचा उजवा पंख उलटा होता, गोलाई खाली आणि सपाट बाजू वर.

"दीदी," त्या बाई मला म्हणाल्या, "ये एक तरफ़ से उड़ता है और दूसरी तरफ़ से गोता खाता है."

मी ड्रॉइंग बघितलं आणि क्षणात समजलं. आमच्या खात्यात डाव्या-उजव्या जोडीचा भाग असला की फक्त डावा काढायचा आणि शेजारी लिहायचं: उजवा असाच, उलट हाताचा. एवढ्यावर आमचा सुतार मिस्त्री झोपेतसुद्धा बरोबर जोडी बनवून देईल. मीही सवयीने तेच लिहिलं होतं. पण पंखाची फळी घासण्याआधी दोन्हीकडून सारखीच. मुलांनी दोन्ही फळ्या त्याच एका चित्रावर ठेवल्या आणि दोन्ही सारख्याच घासल्या. दोन डावे पंख तयार झाले. दुसरा बसवायचा तर उलटा करण्याशिवाय इलाजच नव्हता. दहा वर्षांच्या पोराला उलट हात म्हणजे काय, हे सांगायचं मला सुचलंच नाही.

साहेबांनी घसा साफ केला. "सर, मी नुसती सही केली होती. काढलंय सगळं बाईंनी."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला घाबरायला हवं होतं. लष्कराचं काम, ड्रॉइंगमधली चूक म्हणजे आमच्याकडे मोठा गुन्हा. पण मला आतून आनंदाची उकळीच फुटली.

"बरोबर," मी म्हणाले. "मीच काढलंय. चूकही माझीच. आता रकाना दुरुस्त करा."

"म्हणजे?"

मी आमच्या टेबलावरून मूळ कापड आणि शाई खरवडायचं ब्लेड आणलं. कापड आणि ब्लेड साहेबांपुढे ठेवलं.

"तुमची सही खरवडा. ज्याने काढलं त्याची तिथे येईल."

"बाई, आता चूक निघाल्यावर सही करता? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिने चुकीचं काढलं. ते खरंच आहे."

कल्याण अधिकाऱ्यांनी आधी साहेबांकडे बघितलं, मग ब्लेडकडे. "कर दीजिए," ते म्हणाले. विज्ञानाच्या बाई खोकं मांडीवर घेऊन बसून राहिल्या, हलल्या नाहीत. साहेबांनी खरवडलं. ब्लेड जोरात लागून कापडाला जरासं भोक पडलं. भोकाच्या बाजूला जागा होती. तिथे मी माझी पूर्ण सही केली, आडनावासकट.

मग नवं पान काढलं. दोन्ही पंख पूर्ण काढले, प्रत्येकाच्या गोल बाजूवर 'यह ऊपर' लिहिलं. बदलाच्या तक्त्यात कारण लिहायचं असतं. तिथे लिहिलं: पहिल्या पानावर उजवा पंख काढला नव्हता. काढणारीची चूक. नवी पानं घेऊन मी स्वतः शाळाशाळांतून गेले. एका मुलीने आपला उलटा पंख काढू दिला नाही. तिचं म्हणणं, तिचं विमान कलाबाजी करतंय. मी तिला तसंच ठेवू दिलं.

साहेबांनी त्यानंतर बरेच महिने मला फक्त पेट्यांच्या झाकणांचं ट्रेसिंग दिलं. मी ते केलं. मात्र एका झाकणाच्या बिजागरीची जागा मला चुकीची वाटली. तशीच गिरवायला मी नकार दिला, ती नव्याने काढली आणि 'काढले' मध्ये सही करून त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा वर केला. "आणि यातही चूक निघाली तर, बाई?"

"तर मला बोलवा," मी म्हणाले. "नाव खाली आहे."