हलकं गाठोडं

रुबिनेम ओझं उचलायच्या आधी त्यावर एक थाप मारायची. बकरी विकत घेताना माणूस तिच्या पाठीवरून हात फिरवतो ना, तसं. मग म्हणायची, "एकतीस." गठ्ठा काट्यावर ठेवला की काटा एकतीस किलोवर, फार तर साडेएकतीसवर थांबायचा. बाटिक कापडाच्या व्यापारी बू मर्फुआ तिला 'यू', म्हणजे ताई म्हणायच्या. त्या हसून सांगायच्या, "यू, हा काटा विकून टाकते आणि तुलाच दुकानात टांगते."

"टांगा की! पण मला पेलेल असला खिळा कुठून आणाल?"

जोग्जा शहरातल्या बेरिंगहार्जो बाजारात रुबिनेम एकतीस वर्षं पाठीवरून ओझी वाहत होती. पट्ट्यापट्ट्यांचं जाड उपरणं गठ्ठ्याखालून घ्यायचं, छातीवर गाठ मारायची, कमरेत वाकायचं आणि जिना चढायचा. तेविसाव्या वर्षी ती कुलोन प्रोगोच्या डोंगरातून पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्याबरोबर मिनीबसमध्ये गावातल्या अकरा बायका होत्या. नवरा पार्जान माडावर चढून नीरा काढायचा आणि तिचा गूळ करायचा. रुबिनेम सगळ्यांना सांगायची, "आमच्या घरात दोघंही चढणारेच. तो हलका चढतो नि भरून उतरतो. मी भरून चढते नि हलकी उतरते." पुढे एकदा पार्जान माडावरून पडला, कंबर दुखावली, आणि चढणारी एकटी रुबिनेमच उरली. तिच्या पाठीच्या जोरावर दोन मुलं शिकली, लग्नं होऊन आपापल्या घरी गेली.

बू मर्फुआंची मुलगी इस्ना रुबिनेमला बुदे, म्हणजे मावशी म्हणायची. रुबिनेमने तिला गठ्ठ्यांवर झोपलेली पाहिलं होतं, शाळेच्या गणवेशात पाहिलं होतं. सव्वीस वर्षांची झाल्यावर तिने एके दिवशी दुकानात एक गोल दिवा आणला, त्याच्या मधोमध फोन अडकवला आणि कापड हातात धरून फोनशी बोलायला लागली.

"पोरीला वेड लागलं," बू मर्फुआ म्हणाल्या. "एकटीच बडबडते."

"आई, चारशे माणसं ऐकतायत आत."

"चारशे? मग त्यातलं एक तरी वर येऊन चहा का पीत नाही?"

चहा प्यायला कुणी आलं नाही, पण कापड जाऊ लागलं. आणि जे आधी वर यायचे, तेही हळूहळू यायचे थांबले. सोलो, मागेलांग, पुर्वोरेजोचे छोटे दुकानदार पूर्वी डझनावारी माल घ्यायला यायचे. आता ते घरात बसून बोटाने माल निवडत. पेकालोंगानच्या कारखान्यातून गाड्या बाजारात न येता परस्पर विकणाऱ्यांच्या घरी जाऊ लागल्या. ओझी एकदम थांबली नाहीत. नळाचं पाणी जातं तशी गेली. धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग नुसताच आवाज. दिवसाला पंधरा खेपा करणाऱ्या रुबिनेमला तीन मिळाल्या की ती बरा दिवस म्हणायची.

मागच्या जिन्यावर एकोणीस बायका असायच्या, त्यांच्या सहा झाल्या. पायनाह नातवंडं सांभाळायला सुनेकडे गेली. सुप्रिह सगळ्यांत तरणी, ती घरकामाला मलेशियाला गेली. त्यांना कुणी काढलं म्हणावं तर कामावर ठेवलंच कुणी होतं? भांडायचं तर कुणाशी? जिन्यावर बसून बायका फोनला शिव्या घालत, आणि घरी गेल्यावर त्याच फोनवर लेकीसुनांकडून काहीबाही मागवत.

रुबिनेमनेही मागवलं होतं. रबरी चपला. मुलीने फोनवर दाखवल्या, तिसऱ्या दिवशी दारात आल्या, बाजारापेक्षा निम्म्या किमतीत. छान होत्या. पण त्या घालून बाजारातल्या चपलावाल्या म्हातारीसमोरून जाताना रुबिनेमने पहिल्यांदा मान खाली घातली. म्हातारीने चपला पाहिल्या आणि एवढंच विचारलं, "चावत नाहीत ना गं?"

पुढच्या वर्षी बू मर्फुआंनी दुकान बंद केलं. उरलेला माल रुबिनेमनेच खाली उतरवला. शेवटच्या गठ्ठ्याला बू मर्फुआ रडू लागल्या. रुबिनेमला मात्र रडू येण्याऐवजी राग आला. या बाई बांतुल गावच्या घरी जाऊन लेकीच्या कमाईवर बसतील, मी कुठे बसू? तिने उपरण्याची गाठ करकचून आवळली. इस्नाच्या ते लक्षात आलं असावं. गाडीत माल भरून झाल्यावर ती म्हणाली, "बुदे, माझ्याकडे या. पार्सलं बांधायला माणूस हवंच आहे मला."

बांतुलच्या घरातल्या मागच्या खोलीत आणखी दोन मुली पार्सलं बांधायच्या. रुबिनेमचं बांधणं बघून त्या थक्क झाल्या. घडी अशी की लुंगीसारख्या सारोंगची कड कडेला मिळालेली. पण पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायची वेळ आली की ती अडायची. तिला वाचता येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मेदानचं पार्सल मनाडोला गेलं आणि मनाडोचं मकास्सरला.

"तिन्ही म-वरूनच सुरू होतात, त्याला मी काय करू?" रुबिनेम म्हणाली.

"पहिलं अक्षर ओळखलंत म्हणजे निम्मं वाचलंत की!" इस्ना हसली. तिने दोन्ही पार्सलांचा भुर्दंड स्वतः सोसला, आणि रोज दुपारी जेवणानंतर दहा मिनिटं चिठ्ठ्या घेऊन तिच्याजवळ बसू लागली. रुबिनेमला शहरांची नावं वाचता येऊ लागली. घरी जाऊन ती पार्जानला सांगायची, "आज बांजारमासिनला सहा गेली." पार्जान विचारायचा, "ते कुठे आलं?" ती ऐटीत म्हणायची, "लांब."

एकदा इस्ना फोनसमोर बोलत असताना माल आला. रुबिनेमने सवयीने उपरणं टाकलं, गठ्ठा पाठीवर घेतला आणि इस्नाच्या मागून खोली ओलांडून गेली. फोनमध्ये एकच गडबड उडाली. कोण ही आजी? किती वय? पडद्यावर लोकांनी पैसे मोजून पाठवलेले बदाम आणि गुलाब उडू लागले. त्या दिवशी तिप्पट माल गेला. इस्नाने संध्याकाळी एक पाकीट रुबिनेमच्या हातात ठेवलं.

"हे कशाचं?"

"तुम्ही गठ्ठा आणलात ना, त्याचं."

"एका खेपेचं एवढं?"

"लोकांनी दिलंय, बुदे. त्यांना तुम्ही आवडलात."

रुबिनेमने पाकीट घेतलं, पण बसमध्ये तिला ते कमरेला टोचत राहिलं. एकतीस वर्षांत तिने कुणापुढे हात पसरला नव्हता. आताही पसरला नव्हता. मग हे कसलं होतं?

दुसऱ्या दिवशी इस्ना म्हणाली, "आजही आणाल? दारापासून इथपर्यंतच. गठ्ठा तिथे तयार आहे."

दाराशी भलंमोठं गाठोडं होतं. रुबिनेमने थाप मारली, हात आत रुतला. तरीही तिने उपरणं टाकलं, गाठ मारली, उठली. इस्ना फोनकडे बघून सांगत होती, "बघा, आमच्या बुदे! या वयातही केवढं ओझं..."

"तीन," रुबिनेम म्हणाली.

तिला बोलायचं नव्हतं. पाठीला वजन कळलं आणि आकडा तोंडातून गेला, रोज जायचा तसा. फोनमध्ये सहाशे माणसं होती. कुणीतरी लिहिलं, तीन काय? कुणीतरी लिहिलं, तीन किलो! आत स्पंज भरलाय! मग काय विचारता. इस्नाने फोन बंद केला तोवर तिला फसवी, म्हातारीच्या जिवावर जगणारी, काय काय म्हणून झालं होतं.

"बुदे, मुद्दाम केलंत?" तिचे डोळे भरले होते.

"नाही गं पोरी. तोंडातून गेलं."

"मी तुमच्याच पाठीसाठी हलकं केलं होतं. खरं ओझं उचलायला लावलं असतं तर मला झोप लागली नसती."

"ते कळलं मला." रुबिनेम खाली बसली. "खरं उचलायला सांगितलं असतंस तर उचललं असतं, नाही सांगितलं असतंस तर घड्या घातल्या असत्या. पण न वाहिलेल्या ओझ्याचे पैसे कधी घेतले नाहीत मी. ते कसे घेतात तेच येत नाही मला."

आतून बू मर्फुआ आल्या होत्या. त्यांनी तिघींसाठी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी इस्नाने फोनसमोर स्पंजाची गोष्ट आपल्या तोंडाने सांगितली. महिनाभर विक्री निम्म्यावर आली. रुबिनेमला चुटपुट लागली; त्या निम्म्यात खोलीतल्या दोन मुलींची रोजीही होती. पण मुली तिला कधी टोचून बोलल्या नाहीत. धाकटी फक्त एकदा चिडवून म्हणाली, "बुदे, माझं वजन नका हं सांगू फोनवर."

काम गेलं ते या कारणाने गेलं नाही. पावसाळ्यानंतर इस्नाने आपला सगळा माल समारांगजवळच्या एका मोठ्या गोदामात ठेवायचं ठरवलं. तिथे पट्टा फिरतो, यंत्र पिशवी भरतं, चिठ्ठी चिकटवतं, आणि चुकत नाही. पार्सल एक दिवस आधी पोचतं. गिऱ्हाइकाला तेच हवं. इस्नाने तिघींना समोर बसवून हे सांगितलं, दोन महिन्यांची मजुरी जास्त दिली आणि सांगताना तीनदा पाणी प्यायली. रुबिनेम म्हणाली, "मेदानला मेदानचंच जाईल ना? मग चांगलं आहे."

ती गिवांगानच्या भाजीबाजारात जाऊ लागली. कोबीची, बटाट्याची पोती. खाली चिखल, मजुरी कमी, पण माल होता. कोबी अजून तरी लोक दाबून बघून घेतात.

रोजे संपल्यावरच्या लेबारानच्या सणाला इस्ना माफी मागण्याच्या रिवाजाप्रमाणे डोंगरातल्या घरी आली. पार्जानच्या, मग रुबिनेमच्या हातावर तिने कपाळ टेकवलं. रुबिनेमने साबुकंदाच्या पिठाचे गेब्लेक तळले, काळा चहा आणि गूळ पुढे ठेवला. पोरीचा आवाज पार बसला होता.

"सहा तास बोलते रोज," ती म्हणाली. "आणि फोनवरच्याच दुसऱ्या एका दुकानाने यंत्रातली मुलगी आणलीय. दिसायला माणसासारखी, नावानिशी उत्तरं देते. तिला पाणी लागत नाही, नमाजाला उठावं लागत नाही. रात्रंदिवस विकते." मग तिने विचारलं, "बुदे, ओझी मिळेनाशी झाली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

रुबिनेमने विचार केला. या पोरीला काहीतरी शहाणपणाचं सांगावं असं तिला फार वाटलं, पण तसं काही सापडेना. "काही नाही गं. दोन महिने रोज जाऊन जिन्यावर बसले. आज येईल, उद्या येईल. मग तू बोलावलंस."

"मला कोण बोलावणार?"

"मी बोलावतो," पार्जान ओट्यावरून म्हणाला. "माडावर चढणारं यंत्र अजून आमच्याकडे आलेलं नाही."

"तुम्ही चढून काय दिवे लावलेत ते दिसतंय," रुबिनेम म्हणाली. इस्ना खळखळून हसली, हसता हसता खोकली.

मग तिने सांगितलं. बाजारातले गाळे रिकामे पडलेत, भाडी उतरलीत. आईला घरात करमत नाही. हाताने काढलेलं महाग बाटिक लोकांना फोनवर पटत नाही, त्याला बोट लावून बघायचं असतं. तेवढंच घेऊन छोटा गाळा घ्यावा का? "चालेल का, बुदे?"

"ते मला कसं कळणार? मी कापड वाहिलंय, विकलं कुठे?" रुबिनेमने तिच्यापुढे आणखी एक गेब्लेक सरकवला. "पण घेतलास तर मंगळवार-शनिवार येईन. बाकीचे दिवस नाही जमायचं. कोबीवाल्या बाईला शब्द दिलाय."

इस्नाने गाळा घेतला. कधी दिवसाला चार गिऱ्हाइकं येतात, कधी एकही नाही. बू मर्फुआ दोन खुर्च्या टाकून बसतात आणि येईल त्याला चहा पाजतात. फोन इस्नाने सोडलेला नाही. तीन तास बोलते, मग आवाजाला आराम देते. पुढच्या वर्षी हे टिकेल की नाही, याबद्दल तिघींची तीन मतं आहेत आणि त्यावरून शनिवारी चांगली भांडणं होतात.